बदकामागची बाई

१

"...ती शिवणवाली हसते ना, ते हसू तिचं नाहीच. ते तर—"

एवढंच कानावर पडलं. मी इस्त्रीवाल्याच्या दुकानाची पायरी चढले आणि त्याचं तोंड मिटलं. समोर आमच्या वरच्या मजल्यावरचे पेन्शनर काका उभे होते. ते एकदम आपल्या पिशवीत हात घालून काहीतरी शोधायला लागले. पिशवी रिकामी होती, मला दिसत होती.

"कोणाचं हसू?" मी विचारलं.

"काही नाही वहिनी. काकांच्या शर्टाचा डाग निघत नाही, तेच सांगत होतो."

"मग डाग हसतो होय?"

काकांना ठसका लागला. इस्त्रीवाल्याने मान खाली घातली आणि एका कॉलरवर इस्त्री अशी दाबून धरली, जणू ती कॉलर पळून जाणार होती. मी कपडे घेतले, चार शब्द इकडचे, चार तिकडचे टाकून पाहिले. पण गडी काही बधला नाही.

आमच्या जिन्यात मला 'चौकशी खिडकी' म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. मला राग नाही. माझं शिक्षण बेताचं, नोकरी केली नाही, घरातलं आवरून झालं की माणसांकडे बघायचं एवढंच मला येतं. कोणाच्या घरी पाहुणे आले, कोणाचा खोकला वाढलाय, कोणाचं बाळ रात्रभर रडलं, हे मला ठाऊक असतं. कोणी त्याला नाक खुपसणं म्हणतं. म्हणोत बापडे.

पण शिवणवाल्या ताईंबद्दल जिन्यात काही बोललं जातंय आणि ते मला माहीत नाही, हे मला लागलं. कारण ताईंचं हसू परत आणलं होतं ते मी.

२

ताईंची शिवणाची खोली आणि माझं स्वयंपाकघर, मध्ये एकच भिंत. तीही नावाला. भिंतीला कान असतात म्हणतात, आमच्या भिंतीला तोंडही होतं. ताईंचे यजमान बस चालवायचे. संध्याकाळी घरी आले की दिवसभरातल्या प्रवाशांच्या नकला करायचे, आणि ताई हसायच्या. ते हसणं असं: आधी नाकातून फुर्रर्र, मग श्वास आत ओढल्यासारखी एक लांब हीऽऽ, आणि शेवटी, स्वतःलाच दटावल्यासारखं, "अगं बाई!" मी इकडे फोडणी घालता घालता हसायची. कशाला हसले ते ठाऊक नसायचं, तरी हसायची.

गेल्या वर्षी यजमान गेले. झोपेतच गेले. त्यानंतर भिंत मुकी झाली. हसणं गेलं ते गेलंच, मशीनही थांबलं. चेन बदलायला आलेल्या पँटी, दुमडायला आलेले पडदे, सगळं तसंच पडून. लोकांनी थोडे दिवस वाट पाहिली आणि आपापले कपडे परत नेले. ताईंची मुलगी दुसऱ्या गावी नोकरीला. ती म्हणाली, चल माझ्याकडे. ताई म्हणाल्या, नको. बस्स, एवढंच. ताट झाकून ठेवलं तर तसंच झाकलेलं सापडायचं.

मी रोज जाऊन बसायची. पण दुःखातल्या माणसाशी बोलणार तरी काय? सांत्वनाचे शब्द संपतात आणि मग आपण पंख्याकडे बघत बसतो. एकदा अशीच घरी परतले तर माझ्या नणंदेने फोनवर एक व्हिडिओ पाठवला होता. एक बदक दगडी जिना उतरतंय. प्रत्येक पायरीवर थांबतं, खाली वाकून बघतं, मान हलवतं, आणि मग धप्पकन बुडावर पडतं. पुन्हा पुढची पायरी. मी हसून हसून ओट्याला टेकले. आणि काय वाटलं कोण जाणे, तो ताईंना पुढे पाठवला.

थोडा वेळ काहीच नाही. मग भिंतीतून, फुर्रर्र. हीऽऽ. "अगं बाई!"

मी ओट्यापाशीच खाली बसले आणि पदराने डोळे पुसले.

त्या दिवसापासून नेमच झाला. दुपारची भांडी आवरली की मी भिंतीजवळ स्टूल घेऊन बसायची, एक व्हिडिओ पाठवायची आणि कान देऊन ऐकायची. आधी स्वतः बघायची, मगच पाठवायची. नवरा-बायकोचे नकोत, बसचे नकोत, झोपलेल्या माणसाचे तर नकोतच. कोणाला खरंच लागलंय असे नकोत. पोरांचे, प्राण्यांचे, किंवा म्हाताऱ्या माणसांना कोणी मदत करतं, हरवलेलं कुत्रं घरी येतं, असे डोळे ओले करणारे चालतील. नणंद म्हणजे व्हिडिओंची खाणच, कमी पडायचे नाहीत. महिन्याभरात मशीन सुरू झालं. मुलीचा फोन आला, "मावशी, तुमच्यामुळे आई माणसात आली हो."

हसू आलं की ताई बऱ्या आहेत. इतकं सोपं झालं. मग रोज दारावर जायची गरजच उरली नाही.

३

नणंदेचा फोन आला होता. इकडचं तिकडचं झालं आणि ती म्हणाली, "वहिनी, ते बदकाचं मी परत पाहिलं. बदकापेक्षा मागची बाईच जास्त हसवते ग!"

"मागची बाई?"

"अग, शूटिंग करणारी. दिसत नाही, पण काय हसते! सगळ्यांना पाठवलाय मी तो, तिच्यासाठीच."

मला आठवेना. त्या व्हिडिओत नुसतं पिपाणीसारखं संगीत होतं. पायरीपायरीला एक पॉं. फोन ठेवला आणि तो शोधून उघडला. बदक आलं, वाकलं, धप्पकन बसलं. पॉं. आणि संगीताच्या मागून, जरा लांबून, फुर्रर्र. हीऽऽ.

"अगं बाई!"

मी भिंतीकडे पाहिलं. पलीकडे मशीन चालू होतं, एकसारखं, लांब शिवण घालत असावी तसं. पुन्हा व्हिडिओ लावला. पुन्हा तेच. बदकाच्या मागे परक्या देशातली झाडं होती, दगडी जिना होता, आणि हसणारी बाई आमची होती.

संध्याकाळी ह्यांना ऐकवलं. आमचे हे पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतात, कुठलंही बिघडलेलं काही समोर आलं की त्यांना उत्तर सुचतंच.

"सरळ आहे. तू भिंतीशी फोन धरून बसतेस. फोनने पलीकडचा आवाज धरला आणि व्हिडिओत मिसळला."

"असं होतं?"

"का नाही होणार? आजकाल फोनमध्ये काय काय असतं."

"मग तो नणंदेच्या फोनवर कसा गेला? तिनेच तर मला पाठवलेला."

ते हात धुवायला उठले. मग म्हणाले, "बायकांचं हसणं इथून तिथून सारखंच असतं. जेवायला वाढ."

मला ते पटलं. म्हणजे पटवून घेतलं. जगात इतक्या बायका, आपली भाषा बोलणाऱ्याही जगभर पसरलेल्या. त्यातली एखादी अशी हसत नसेल कशावरून?

४

पण एकदा कान तिकडे लागला की लागला.

मी जुने व्हिडिओ उघडून पाहिले. टोपी पळवणारं माकड, पहिल्यांदा लिंबू चाखणारं बाळ, आजोबांना रस्ता ओलांडून देणारं कुत्रं. जिथे आधी नुसतं संगीत होतं किंवा काहीच नव्हतं, तिथे मागून ती हसत होती. लिंबाच्या व्हिडिओत तर बाळ दचकून आवाजाच्या दिशेने बघत होतं. आधी ते बघत नव्हतं. मी शपथेवर सांगते, आधी ते लिंबाकडेच बघत होतं.

जे व्हिडिओ मी ताईंना पाठवलेच नव्हते, तेही उघडले. त्यात नव्हती. एकाही नाही.

आणि भिंत? खरं सांगायचं तर तिकडे माझं लक्ष नव्हतं. हसू आलं की मी समाधानाने उठायची. आता नीट ऐकायला बसले. फुर्रर्र येईनासं झालं होतं. नुसती हीऽऽ, तीही आखूड, आणि "अगं बाई". पुढच्या आठवड्यात हीऽऽ गेली. उरलं फक्त "अगं बाई", तेही सपाट, जसं कोणी पाटीवरचं वाचून दाखवावं. आणि लगेच मशीन सुरू.

व्हिडिओतलं हसू मात्र दिवसेंदिवस जवळ येत होतं. आधी बागेच्या टोकाला होतं, मग झाडाखाली, आणि आता अगदी फोन धरणाऱ्याच्या तोंडापाशी.

मी स्वतःलाच दटावलं. अग, थकली असेल बाई. काम वाढलंय. रोज रोज तेच पाहून कोणाला हसू येईल? आणि तरी मला उठून जाववेना. शेजारच्या दारापर्यंत चार पावलं, तर ती टाकायला मला एक फाटका पडदा शोधावा लागला.

५

"ये ग," ताई म्हणाल्या. "पडदा का? ठेव तिथे."

खोली लखलखीत होती. कात्री, खडू, रिळं जागच्या जागी. शिवून झालेले कपडे घडी घालून, प्रत्येकावर नावाची चिठ्ठी टाचून. ताईंच्या गळ्यात टेप, चेहरा स्वच्छ, केस विंचरलेले. एखादीला वाटलं असतं, किती सावरली बाई. मलाही वाटलं. पण त्यांच्या चेहऱ्यात काहीतरी कमी होतं. घर रंगवून झाल्यावर भिंतीवरचे खिळे दिसेनासे व्हावेत, तसं.

"ताई, बऱ्या आहात ना?"

"छान आहे. हलकं वाटतं. आता रडूही येत नाही."

"अजिबात?"

"अजिबात नाही." हे त्यांनी दोऱ्याचं टोक दातांनी तोडता तोडता सांगितलं. "परवा त्यांचा फोटो पुसायला घेतला. म्हटलं, बघू येतं का. नाही आलं. प्रवाशांच्या नकला करायचे ना ते? त्यातली एकही आठवेना. मग काच पुसून ठेवून दिला."

मी फोटोकडे पाहिलं. बसच्या दारात उभे राहून हसणारे यजमान. ताईंनीही पाहिलं, माझ्या फाटक्या पडद्याकडे पाहिलं होतं अगदी तसंच.

"आजचा कुठाय?" त्यांनी विचारलं. "व्हिडिओ?"

माझ्याकडे एक होता, स्वतःच्या शेपटीला घाबरणाऱ्या मांजरीचा. मी फोन त्यांच्यासमोर धरला. मांजर उडाली. ताईंचं तोंड उघडलं. खांदे हलायला लागले, डोळे बारीक झाले, मान मागे गेली. हसणाऱ्या माणसाचं जे जे होतं ते सगळं झालं. आवाज नाही. श्वाससुद्धा नाही. आणि मग क्षणभर उशिराने, माझ्या हातातल्या फोनमधून, माझ्या बोटांना गुदगुल्या करत, फुर्रर्र. हीऽऽ. "अगं बाई!"

माझ्या हातून फोन निसटला, तो त्यांनीच झेलला.

"ताई! हे तुमचं हसणं आहे!"

"हो." त्यांना नवल वाटलं नाही. फोन कानाशी धरून त्या थोडा वेळ ऐकत राहिल्या. "किती छान हसते ना ती? मजेत आहे. असू दे तिला तिकडे." मग फोन माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "उद्या दोन पाठव."

६

मी पाठवणं बंद केलं. फोन बिघडलाय म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मशीन थांबलं. मग भिंतीवर टकटक झाली. बोटात अंगुस्तानाची धातूची टोपी घालून कोणी हळूच वाजवावं, तशी. थोड्या वेळाने ताईंचा मेसेज: "आज?" त्यानंतरच्या दुपारी पुन्हा: "आज?" मी उत्तर दिलं नाही. मग टकटकही थांबली.

गावाहून ताईंची मुलगी आली ती माझ्याच दारावर. डोळे सुजलेले. "मावशी, तुम्ही का थांबलात? आई पडून आहे. पाणीसुद्धा चमच्याने पाजावं लागतंय. मी विचारलं काय हवं, तर म्हणते, व्हिडिओ."

"तू पाठव ना."

"पाठवले! बघतच नाही. तिला तुम्ही निवडलेलेच लागतात."

मी तिला आत घेतलं, बसवलं आणि बदकाचा व्हिडिओ लावून दिला. म्हटलं, ऐक, तुझं तूच ठरव. तिने ऐकलं, आणि तिचा चेहरा असा मऊ झाला की मला पुढचं बोलवेना.

"आईचं हसू," ती म्हणाली. "बाबा असतानाचं. कुठे रेकॉर्ड केलंत हो?"

"मी नाही केलं. तेच तर सांगतेय. ते तिच्यातून निघून ह्यात चाललंय. तिचं रडूही गेलंय, तुझे बाबाही चाललेत."

तिने माझ्याकडे पाहिलं, डॉक्टर एखाद्या पेशंटकडे पाहतात तसं, दया येऊन. "मावशी, तुम्हीही थकलात. पण आईला असं मरू देऊ नका. हसत नसली तरी चालेल, उठून बसायला हवी मला ती. एक पाठवा. माझ्यासाठी."

ती गेली. मी भिंतीजवळ स्टूल ओढलं. काय करावं? पाठवलं तर उरलंसुरलं जाणार. नाही पाठवलं तर माणूसच जाणार. म्हटलं, एकच. छोटासा. पोरगी रडतेय.

एक निवडला. जुनाच, ताईंना पूर्वी आवडलेला. एक कुत्रं धावत येतं आणि काचेचं दार बंद आहे हे न कळल्याने नाकाने आपटतं. मग गोंधळून काचेकडे बघतं. तेव्हा सगळे हसतात. पाठवण्याआधी बघायची सवय, म्हणून लावला. कुत्रं धावलं, आपटलं. मागून हसू फुटलं, मोठ्याने, अगदी कानाशी. कुत्रं काचेकडे बघत राहिलं आणि मीही बघितलं. एरवी कोण बघतं काचेत? लक्ष कुत्र्यावर असतं.

काचेत एक बाई उभी होती. गळ्यात टेप. चेहरा नीट दिसत नव्हता, ऊन पडलं होतं. पण हात दिसत होते. दोन्ही हात तोंडावर, एकावर एक, बोटं पांढरी पडेपर्यंत दाबलेले. काहीतरी आत कोंडून ठेवायचा प्रयत्न करावा तसे. आणि बोटांच्या फटीतून ते येतच होतं, फुर्रर्र, हीऽऽ.

डोळे हसत नव्हते.

मग व्हिडिओ संपला आणि मला ते सुचलं. दोन्ही हात तोंडावर, तर फोन कोणी धरला होता?

पाठवायच्या बाणावर माझा अंगठा होता. तो मी दुसऱ्या हाताने धरून बाजूला केला. खरंच तसा करावा लागला.

७

मी ताईंकडे गेले. रिकाम्या हाती, फोन घरी ठेवून. मुलगी औषधं आणायला गेली होती. ताई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या, आमच्या सामाईक भिंतीकडे.

"ताई, आज व्हिडिओ नाही. मीच आलेय," मी म्हटलं. "ऐका. आमचे हे काल दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून बाजारात गेले. एक त्यांची, एक माझी. सगळा बाजार फिरून आले! घरी आल्यावर म्हणतात, आज लोक फार प्रेमाने बघत होते ग."

आणि सांगता सांगता मीच हसले. माझं हसणं काही गोड नाही. खळखळ सुरू होतं आणि शेवटी खोकल्यात जातं. हे म्हणतात, जुनी मोटार बंद पडावी तसं.

ताईंनी कूस बदलली. माझ्याकडे बघायला लागल्या. डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे. उपाशी माणसाने झाकलेल्या ताटाकडे बघावं तसं. मी हसायची थांबले. "आणखी," त्या म्हणाल्या.

मला तिथे बसवेना. पण सोडूनही देववेना. म्हटलं, आपल्या जागेवरून करू. मध्ये भिंत असलेली बरी.

मग रोज दुपारी मी स्टुलावर बसून भिंतीशी बोलायला लागले. मोठ्याने. "ऐका हो ताई!" म्हणून सुरुवात करायची. पेन्शनर काका लिफ्टमध्ये अडकले आणि आतून ओरडले, "कोणी आहे का आत?" ते सांगितलं. मी लहानपणी शेजारणीच्या लग्नात चुकून नवऱ्यामुलाच्या शेजारी बसले, ते सांगितलं. जे जे आठवलं ते, खरं, थोडं तिखटमीठ लावून. आणि दर वेळी हसायची. येत नसलं तरी पोटातून ओढून काढायची. ह्यांना वाटलं माझं डोकं फिरलं. ह्यांना सांगणार तरी काय?

पहिले काही दिवस पलीकडे नुसती शांतता. मग एकदा खुर्ची सरकली. मग मुलगी येऊन म्हणाली, "मावशी, आई आज उठून जेवली. आणि बाबांचा फोटो मांडीवर घेऊन बसली होती. रडत होती हो!" रडल्याचा एवढा आनंद मला कधी झाला नसेल. मग मशीन सुरू झालं, अडखळत, एकेक टाका. मुलगी निश्चिंत मनाने आपल्या गावी परतली.

आणि एका दुपारी, मी चपलांचाच किस्सा पुन्हा सांगत होते, पलीकडून हसू आलं.

मी श्वास रोखून ऐकलं. फुर्रर्र नव्हतं. हीऽऽ नव्हती. खळखळ सुरू झालं, वाढलं आणि खोकल्यात गेलं. जुनी मोटार बंद पडावी तसं. आणि त्याच्या शेपटाला, ओलं, जिवंत, स्वतःला दटावणारं, "अगं बाई!"

मला इतकं बरं वाटलं. मीही हसायला गेले.

तोंड उघडलं. खांदे हलले. डोळ्यांत पाणीसुद्धा आलं. ओट्यावर माझा फोन पडला होता, बंद. मी त्याच्याकडे बघत बसले, बराच वेळ.

८

ताई आता बऱ्या आहेत. हे मी कोणालाही छातीठोकपणे सांगेन. जेवतात, रडतात, मुलीशी भांडतात, कालच एका नकलेची त्यांना आठवण झाली आणि ती त्यांनी मला दारात उभं राहून करून दाखवली. तिकीट न काढणाऱ्या जाडजूड बाईची. खोकेपर्यंत हसल्या. मग मला म्हणाल्या, "तू का ग अशी? आवडलं नाही का?"

"आवडलं की," मी म्हटलं. आवडलं होतं.

नणंदेने एक नवीन व्हिडिओ पाठवलाय. खाली लिहिलंय, "वहिनी, ही आणखी एक कोण ग मागे?" तो मी अजून उघडलेला नाही. फोन कपाटात, कपड्यांच्या खाली ठेवते.

आज कपडे द्यायला खाली गेले. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. मी इस्त्रीवाल्याला सरळच विचारलं, "त्या दिवशी काकांना काय सांगत होतास? मला पाहून थांबलास ते. आज पुरं सांग. नाहीतर मी इथून हलत नाही."

तो ओशाळला. "जाऊ द्या ना वहिनी, जुनी गोष्ट."

"सांग म्हटलं ना."

"मी कपडे द्यायला वर आलो होतो. ताई दारात उभ्या, कपडे मोजून घेत होत्या. तोंड मिटलेलं. आणि आतून हसू चालू. त्यांचंच, 'अगं बाई'सकट. मी घाबरलो ना! मग विचार केला, बाजूचं घर तुमचं, मधली भिंत ही अशी. म्हणून मी काकांना म्हटलं, ते हसू तिचं नाहीच, ते तर आपल्या वहिनींचं. त्याच हसतात तिच्यासारखं, तिला बरं वाटावं म्हणून." त्याने मान खाजवली. "खरं होतं का हो ते?"

तेव्हा ते खोटं होतं. आता निम्मं खरं आहे, शेवटचं 'अगं बाई' सोडून. पण हे त्याला कसं सांगणार?

"काहीतरीच तुझं," मी म्हटलं आणि गोष्ट हसण्यावारी न्यायला गेले. माझे खांदे हलले. इस्त्रीवालाही हसायच्या बेतात आला, आणि मग इस्त्री हातात तशीच अधांतरी धरून, माझ्या उघड्या तोंडाकडे बघत, आवाज यायची वाट पाहत उभा राहिला.